मामटोलोला वकील मिळाला

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मामटोलोच्या मशीनवर बाहीच्या एक्क्याण्णव ओळी विणून झाल्या होत्या. बाटलीसारखा हिरवा रंग, मनगटाशी पिवळी पट्टी. मे महिना लागला होता; इथे तो हिवाळ्याच्या तोंडाशी येतो. बटरवर्थमध्ये थंडी पडली की शाळा स्वेटर सक्तीचं करतात, आणि मसोबोम्वू वस्तीतल्या बऱ्याच मुलांच्या अंगावर मामटोलोने विणलेलं स्वेटर असतं. मशीनची मूठ ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकवत होती. तिच्या पायाशी चटईवर तिचा मुलगा बाथांद्वा लोकर गुंडाळत बसला होता. त्याचं वय पस्तीस. तो वाचू शकत नाही, रस्ता ओलांडताना कुणीतरी बरोबर लागतं, आणि सकाळ-संध्याकाळची फिटची गोळी आठवण करून द्यावी लागते. पण त्याच्या गुंड्याला कधी गाठ पडत नाही.

समोरच्या खोलीत दीर झोपला होता. झोलिले, नवऱ्याचा धाकटा भाऊ. आदल्या संध्याकाळी तो पोर्ट एलिझाबेथहून पाच तासांचा प्रवास करून आला होता. दहा वाजता त्याने वकिलाकडे एका कागदावर सही करायची होती. त्याने ती केली, तर मामटोलोच्या मागे बाथांद्वा या घरात राहणार होता. नाही केली, तर तो कुठे राहील हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

घर साधंच आहे. पुढे चार खोल्या, मागे भाड्याच्या दोन. त्यांत नर्सिंगच्या मुली राहतात. अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात गोठण: जमिनीत रोवलेले सहा लाकडी खांब आणि त्यांत खोचलेल्या काटेरी फांद्या. वस्तीत गुरं कुणी पाळत नाही, त्यामुळे त्या गोठणात गुरं कधी बांधलीच नाहीत. पण पूर्वजांशी बोलायचं ते तिथेच, बोकड कापायचा तो तिथेच. सुनेने आत पाऊल टाकायचं नसतं. बेचाळीस वर्षांत मामटोलोने ते टाकलेलं नाही.

घर कागदावर अजून तिच्या सासऱ्यांच्या नावावर होतं. नवरा आधी गेला, सासरे त्याच्यानंतर, नऊ वर्षांपूर्वी. जायच्या आधी त्यांनी सगळ्या भावकीला अंगणात बसवून सांगितलं होतं, "हे घर बाथांद्वाचं." चाळीस माणसांनी ते ऐकलं. लिहून कुणीच घेतलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात डॉक्टरने मामटोलोच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नसल्याचं सांगितलं. त्याने वर्षं सांगितली नाहीत, तिनेही विचारली नाहीत. घरी येऊन तिने मैत्रिणीला, पुमलाला, ही गोष्ट सांगितली. पुमला निवृत्त नर्स आहे आणि गोड बोलणं तिला जमत नाही.

"घर त्याच्या नावावर करते," मामटोलो म्हणाली.

"कर. आणि तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला बिस्किटाचा पुडा देऊन त्याचा अंगठा घेईल."

"मग काय करू?"

"ट्रस्ट कर. घर त्याचं नको, त्याच्यासाठी हवं. सांभाळायला दोन-तीन शहाणी माणसं नेमायची. विकायचं म्हटलं तर त्यांनाही विकता येणार नाही असं लिहून ठेवायचं. वकील गाठ."

तिने वकील गाठला, पण चुकीचा. बसथांब्यावर त्याची जाहिरात होती. ऑफिस ईस्ट लंडनला, दीड तासावर, चौथ्या मजल्यावर. वकील तरुण होता, नम्र होता, आणि समोरच्या कॉम्प्युटरवर भराभर टाइप करत होता. घर ज्यांच्या नावावर आहे त्यांचं नाव काय, असं त्याने विचारलं.

सून सासऱ्याचं नाव घेत नाही. तोंडाने नाही, आणि मामटोलोला लावलेल्या वळणाप्रमाणे कागदावरही नाही. त्या नावात 'देश' आणि 'रुंद' हे दोन शब्द येतात, म्हणून ते दोन्ही शब्द तिने लग्नापासून वापरलेले नाहीत. त्यांच्या जागी बायकांचे ठेवणीतले दुसरे शब्द आहेत, ते ती वापरते. वकिलाने विचारलं तेव्हा तिने घरात सगळे म्हणत तेच सांगितलं: "म्पिंगा." ते कुळाचं नाव. बटरवर्थमध्ये म्पिंगा म्हटलं की मान दिल्यासारखं होतं. ईस्ट लंडनच्या वकिलाने ते टाइप केलं, आडनाव विचारलं, तेही टाइप केलं, आणि तिने सही केली.

घराचा मूळ दस्त तेव्हा सापडत नव्हता, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात आली नाही. आठ महिन्यांनी उत्तर आलं: म्पिंगा मगादला नावाचा कुणी मयत नोंदीत नाही. वकिलाने तिला बोलावून घेतलं. त्यांचं खरं नाव काय, हे त्याने तीनदा विचारलं. ती तिन्ही वेळा गालिच्याकडे बघत गप्प राहिली. ही बाई काहीतरी लपवते आहे, असं त्याला वाटलं असावं. महिन्याभराने फाइल बंद केल्याचं पत्र आलं.

पुढे दस्त सापडला, लोकरीच्या जुन्या खोक्यात. पण ईस्ट लंडनला परत जायची तिची इच्छा राहिली नव्हती. यंदा फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, चर्चच्या महिला मंडळाची प्रार्थना झाल्यावर, चहाच्या वेळी तिने बायकांना विचारलं, "घराच्या कामाला गावातला कोण वकील बरा?"

लाल ब्लाउज आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या बारा बायकांना हा विषय प्रार्थनेपेक्षा आवडला.

"कोर्टासमोरचा तो जाडा? त्याच्याकडे जा, पण अकराच्या आत. अकरानंतर तो न्यायाधीशालाही 'लाडके' म्हणतो."

"तुझ्या जावेचा मामेभाऊ वकील आहे ना गं?"

"आहे. म्हणजे मी सही करायच्या आधी पोर्ट एलिझाबेथला बातमी."

"माझा घटस्फोट ज्याने केला तो हुशार. इतका हुशार, की आता माझा नवरा सगळ्या कामांना त्याच्याकडेच जातो."

हसणं ओसरल्यावर पुमला म्हणाली, "मकालिमाकडे जा. हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. त्याच्याकडे खुर्च्या नाहीत, बाक आहे, आणि बाकावर कायम गर्दी."

"गर्दी असली म्हणजे चांगला?"

"कुणाची गर्दी ते बघायचं. चाळीस वर्षं दवाखान्यात काढली मी. ज्या डॉक्टरच्या बाकावर म्हाताऱ्या बसलेल्या असतात, तो ऐकून घेतो. म्हाताऱ्या औषधासाठी एवढा वेळ बसत नाहीत."

मामटोलो गेली त्या दिवशी बाकावर पाच म्हाताऱ्या होत्या. मामटोलो सहावी. बाथांद्वा लोकरीचा गुंडा घेऊन तिच्याशेजारी बसला. दोन तासांनी तिला आत बोलावलं. लुंगिले मकालिमा पन्नाशीचा, सोन्याच्या काडीचा चष्मा, कोपरं झिजलेला कोट. त्याने कागद पुढे ओढायच्या आधी विचारलं, "आई, तुम्ही कुणाच्या?"

"टोलोंची. दिली म्पिंगांकडे."

"मग मामटोलो म्हणतो तुम्हाला. मी बेले कुळातला." माहेरच्या कुळावरून सासुरवाशिणीला हाक मारायची रीत शहरातले वकील विसरलेत, हा विसरला नव्हता. ओळखपत्रावर तिचं नाव थेन्जिवे, सासरी ठेवलेलं नोझिन्झिले. त्याने दोन्ही विचारून घेतली आणि एकाखाली एक लिहिली. मग घराची हकिकत ऐकली. अर्धा तास त्याने काही लिहिलं नाही. शेवटी फॉर्म काढला, दोन ओळी भरल्या आणि पेन खाली ठेवलं.

"इथे सासऱ्यांचं नाव लागतं. दस्तावर आहे, तो मी बघेन. पण घरच्या माणसाने ते सांगितल्याची नोंद मला हवी. तुम्ही तर ते घेणार नाही."

त्याने दाराकडे बघितलं.

"बाहेर कोण बसलंय तुमच्याबरोबर?"

"माझा मुलगा. पण बेले, त्याला फारसं..."

"आजोबांचं नाव माहीत आहे ना त्याला?"

बाथांद्वाला आत बोलावलं. आजोबांचं नाव काय, असं विचारल्याबरोबर तो ताठ उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवले आणि मोठ्याने म्हणाला, "झ्वेलिबान्झी मगादला. मसोबोम्वू, चारशे बारा. मला घरी पोचवा."

म्हाताऱ्याने ते त्याच्याकडून लहानपणी पाठ करून घेतलं होतं, कुठे हरवला तर म्हणून. बाहेरच्या बाकावर कुणीतरी हसलं. मामटोलोने मान खाली घातली होती. नाव कानावर पडलं की ती घालतेच.

"ईस्ट लंडनच्या साहेबांना हे सुचलं नाही?" मकालिमाने लिहिता लिहिता विचारलं.

"त्यांनी याला आत घेतलं नाही. गालिचा नवा होता."

मग त्याने तिला कायदा सांगितला, साध्या भाषेत आणि एकदाच. अंगणात बोललेलं मृत्युपत्र होत नाही. त्यामुळे घर अर्धं झोलिलेचं, अर्धं थोरल्या भावाच्या जागी बाथांद्वाचं. सुनेचं काही नाही. झोलिलेने आपला अर्धा हिस्सा पुतण्याला सोडला, तर पूर्ण घर ट्रस्टमध्ये जाईल. बाथांद्वाच्या वतीने सही करायला मामटोलोची नेमणूक न्यायालयाकडून घ्यावी लागेल, ती तो मिळवून देईल. विश्वस्त तीन: मामटोलो, पुमला आणि तो स्वतः.

"आणि दिराने नाही म्हटलं तर?"

"तर तो नाही का म्हणतो ते आधी ऐकू. फोनवर नको. त्याला इथे बोलवा."

नेमणूक एप्रिलच्या अखेरीला झाली. झोलिले मे महिन्यात आला.

मंगळवारी पावणेदहाला ते चौघे निघाले: मामटोलो, बाथांद्वा, पुमला आणि झोलिले. झोलिले साठीचा आहे, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त. रस्त्यात तो बाथांद्वाचा हात धरून चालत होता, पण बोलत नव्हता. सकाळी दात घासत तो मागच्या अंगणात बराच वेळ उभा राहिलेला मामटोलोने खिडकीतून पाहिला होता. गोठणाच्या बाजूला पत्र्याखाली रचलेल्या सिमेंटच्या विटांजवळ.

मकालिमाने तयार केलेला मसुदा त्यांच्या खोसा भाषेत वाचून दाखवला. तो वाचत असताना झोलिले खिडकीबाहेर बघत होता. वाचून झाल्यावर मकालिमा म्हणाला, "म्पिंगा, विचारा काय विचारायचं ते."

"वहिनी," झोलिले मामटोलोकडे वळला, "मी घर खायला आलो नाही. माझं पोर्ट एलिझाबेथला घर आहे. दोन्ही पोरी कमावतात."

"मी तसं म्हणाले का भाऊजी?"

"तुम्ही म्हणाला नाहीत. पण मला एक सांगा. आमच्या कारखान्यात एक ट्रस्ट होता, कामगारांच्या भल्यासाठी. त्यातले विश्वस्त अजून सापडायचेत." त्याने बोटाने पुमलाकडे दाखवलं. "उद्या मला माझ्या बापाच्या गोठणात बोकड कापायचा असेल, तर मी कुणाला अर्ज करू? ह्या नर्सबाईंना?"

"तीन प्रतींत करा," पुमला म्हणाली. "सोबत बोकडाचा फोटो."

मकालिमा हसला नाही. झोलिलेही नाही.

"थट्टा करा. पण त्या विटा कशासाठी रचल्यात, ते सांगा आधी."

बाथांद्वा गुंडा या हातातून त्या हातात घेत होता. मामटोलोला सांगता आलं असतं की विटा स्वयंपाकघराच्या भिंतीसाठी आहेत. पुमलाने तिला तसं सुचवलंही होतं, एक दिवस आधी.

"तिसरी भाड्याची खोली काढायची होती," ती म्हणाली. "गोठणाच्या जागी. दोन खोल्यांच्या भाड्यात बाथांद्वाला सांभाळणारी बाई मिळत नाही. तीनच्या भाड्यात मिळते."

"म्हणजे मोजलंतसुद्धा."

"मोजलं. मी आत गेले नाही. भाडेकरू मुलीला पाठवलं, तिने पावलांनी मोजलं."

"परक्या मुलीला पाठवलंत. आत."

"हो."

झोलिले उठून उभा राहिला. दारापर्यंत गेला. मकालिमाने त्याला थांबवलं नाही, त्याने मसुद्याचं शेवटचं पान उलटं करून कोऱ्या बाजूवर रेघ मारली आणि विचारलं, "म्पिंगा, ते गोठण कुणाच्या नावावर आहे?"

"गोठण कधी कुणाच्या नावावर असतं का?"

"नसतं. पण जमीन एकच आहे, तिचा नंबर एकच आहे. घर ट्रस्टमध्ये गेलं की गोठणही गेलं. तुम्ही आज सही न करता गेलात, तरी तुमच्या माघारी कुणीतरी ते कधी ना कधी पाडेलच. वहिनी नाही तर भाडेकरू, भाडेकरू नाही तर नगरपालिका. कागदात लिहिलं तरच ते राहील. तुम्ही सांगा, मी लिहितो."

झोलिले दाराशी उभा राहूनच सांगू लागला. आधी तुटक, मग न थांबता. पूर्वेच्या कोपऱ्यातले सहा खांब. त्यांना हात लावायचा नाही. कुंपणाच्या आत काही बांधायचं नाही, कुलूप घालायचं नाही. बाथांद्वा असेपर्यंत घर विकायचं नाही. त्याच्यानंतर घर म्हाताऱ्याच्या बाकीच्या नातवंडांचं. म्पिंगांपैकी कुणीही कधीही तिथे विधी करू शकेल. मकालिमा लिहीत होता. शेवटच्या ओळीशी तो थांबला.

"'विश्वस्तांच्या परवानगीने' लिहू?"

"परवानगी? माझ्या बापाच्या जागेत?"

"मग 'विश्वस्तांना कळवून'. आठ दिवस आधी. घरात आजारी माणूस आहे, पन्नास पाहुणे एकदम नकोत."

झोलिलेने विचार केला. "तीन दिवस. मेलेला माणूस आठ दिवस थांबत नाही."

"तीन," मकालिमा म्हणाला, आणि मग मामटोलोकडे बघितलं. "तुम्हाला हे चालेल? खोली होणार नाही."

खोली होणार नव्हती, म्हणजे बाई मिळणार नव्हती. घर राहणार होतं, घरात बघणारं माणूस नव्हतं. मामटोलोने बाथांद्वाकडे बघितलं नाही. तिने दिराकडे बघितलं.

"चालेल. पण एक कलम माझंही लिहा. मी गेल्यावर माझ्या जागी तिसरा विश्वस्त म्हणून भाऊजींची थोरली मुलगी. आणि त्या मुलीने वर्षातून चारदा इथे येऊन, याच्या गोळ्या, याचे कपडे, याचं अंथरूण स्वतः बघायचं. गोठण राखायला माणसं आहेत, मग याला राखायलाही असू देत."

"माझ्या मुलीला विचारायला नको?" झोलिले म्हणाला.

"विचारा. तिचा फोन नंबर तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. गेली चार वर्षं नाही."

तो बाहेर गेला. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी सरकून त्याला जागा केली, पण तो उभ्यानेच बोलला. अकरा मिनिटं. आत आला तेव्हा त्याने चष्मा पुसला.

"ती म्हणते वर्षातून चारदा जमणार नाही."

मकालिमाने पेनाला टोपण लावलं.

"तीनदा म्हणते. ईस्टर, जुलै आणि नाताळ. आणि दर रविवारी बाथांद्वाशी फोनवर बोलेल. हेही लिहा म्हणते, नाहीतर विसरेन."

"फोनचं कायद्यात बसत नाही," मकालिमा म्हणाला, तरी त्याने लिहिलं.

कारकून नोसांगोने नवी पानं छापून आणेपर्यंत साडेबारा झाले. मकालिमाने बाथांद्वाला विचारलं, "तुला कुठे राहायचं?" बाथांद्वा म्हणाला, "घरी," आणि खिडकीतून मसोबोम्वूच्या दिशेला बोट दाखवलं. मकालिमाने तेही फाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवलं.

सहीच्या आधी हिस्सा सोडणाऱ्याने आपण कोण ते मोठ्याने सांगायचं असतं, असं मकालिमा म्हणाला. तसा नियम आहे का, हे कुणी विचारलं नाही. झोलिलेने सांगितलं: झ्वेलिबान्झी मगादलांचा धाकटा मुलगा, झोलिले. मामटोलोने मान खाली घातली. त्याने सही केली, मग तिने केली, बाथांद्वाच्या वतीने पुन्हा एकदा केली. पुमलाने विश्वस्त म्हणून सही करायला पेन मागून घेतलं आणि परत द्यायला विसरली.

घरी परतताना झोलिले विटांजवळ थांबला. मामटोलो म्हणाली, "शेजारच्या चर्चला हव्यात, शौचालयासाठी. नेतील." तो म्हणाला, "मी लावून देतो त्यांच्या गाडीत." संध्याकाळी पाचपर्यंत त्याने आणि बाथांद्वाने त्या लावल्या. मामटोलो मशीनवर बसली आणि दुसरी बाही पूर्ण केली.

ट्रस्टची नोंद करणाऱ्या मथाथाच्या कार्यालयाकडून विश्वस्तांचं अधिकारपत्र यायला सहा ते आठ आठवडे लागतील, असं मकालिमाने सांगितलं आहे. तोपर्यंत विश्वस्तांना काहीच करता येत नाही. उद्या बुधवार. नोसांगो दर बुधवारी ऑफिसची पाकिटं घेऊन मथाथाला जाते; उद्या त्यांत या घराचं पाकीटही असेल. बटरवर्थच्या तळावरची पहिली मिनीबस टॅक्सी पंधरा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही; बुधवारी ती पावणेसहाला भरते.